बाहेरची खुंटी

१

जिनिंग कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधीच भुजंगची किंकाळी ऐकू आली.

डॉक्टरीण उषाबाई दवाखान्याचं कुलूप काढत होत्या. त्या किल्ली तशीच सोडून खेळाडूंच्या खोलीकडे धावल्या. भुजंग बाजेवर आडवा पडला होता. एका खांद्याला कप्तान रामकिसन आणि दुसऱ्या खांद्याला बदली गोलकीपर कारभारी, असे दोघे त्याला दाबून धरून होते. डाव्या पायाची पट्टी घोट्यापासून बोटांपर्यंत भिजून कातडीला चिकटली होती.

जालन्याच्या फुटबॉल संघात बूट कोणाकडेच नव्हते. अनवाणी पायाला जुन्या धोतराची लांब पट्टी घट्ट गुंडाळायची आणि मैदानात उतरायचं. मोठा सामना जवळ आला, की घोटा आवळलेला राहावा म्हणून भुजंग सराव संपल्यावरही डावी पट्टी सोडत नसे. चेंडू तो त्याच पायानं मारायचा.

उषाबाईंनी कोमट पाणी ओतत एकेक वेढा सोडवला. आतला पाय सुजून दुप्पट झाला होता आणि द्राक्षासारखे फोड एकमेकांत मिसळले होते. भाजलं म्हणावं तर आग नव्हती, चावलं म्हणावं तर दात नव्हते.

“बिब्बा,” त्या म्हणाल्या. “कोणीतरी पट्टीवर बिब्ब्याचं तेल टाकलंय. लागतं तेव्हा कळत नाही, दुसऱ्या दिवशी कातडी उतते.”

“उद्या मॅच हाय, बाई,” रामकिसन म्हणाला. “उद्या उभा राहतो का न्हाई तेवढं सांगा.”

“उद्याचं काय विचारतोस? महिनाभर वहाण चढायची नाही या पायात.”

कारभारीनं खाली बघितलं. त्याच्या मनगटावर उषाबाईंनीच आदल्या संध्याकाळी बांधलेला कापूस होता. आदल्या रात्री भजी तळताना तेल उडालं आणि फोड आज आले, असं सांगत तो आला होता. स्पिरिटनं फोड पुसताना त्यांच्या मधले काळे ठिपके काही केल्या निघाले नव्हते. कढईची काजळी, तो म्हणाला होता.

उषाबाई पट्टी खिडकीच्या उजेडात घेऊन गेल्या. नीट बघायचं आणि बघितलेलं बोलायचं, ही त्यांची शिकतानाची सवय होती. पट्टीची चारही टोकं त्यांनी पाहिली.

“ही सोनूबाईच्या घाटावरची नाही,” त्या म्हणाल्या. “हिच्यावर तिची खूण नाही.”

खोलीतल्या एकेकाची मान दाराकडे वळली. दाराबाहेर भिंतीत एक वेगळी खुंटी होती. संघातल्या सगळ्यांच्या पट्ट्या सोनूबाई परटीण धुवायची. एकाच्या मात्र ती घेत नसे. तो वेशीबाहेरच्या वस्तीतला. त्याच्या पट्ट्या त्यानं स्वतः धुवायच्या आणि बाहेरच्या खुंटीवर टांगायच्या, असा दंडक होता.

“कडूबा,” दारात उभे राहिलेले जिनिंगचे मालक कचरूलाल शेटजी सावकाश म्हणाले.

आपण काय बोलून बसलो, हे उषाबाईंना तेव्हा कळलं.

२

दुपारपर्यंत कडूबा रुईच्या वखारीत कोंडलेला होता. पोलिसांचे अमीनसाहेब संध्याकाळी येणार होते. अमीनसाहेबांच्या चौकीतून वेशीबाहेरच्या वस्तीतला माणूस कसा परत येतो, हे जालन्यात कोणाला सांगावं लागत नव्हतं.

त्या मोसमात रियासतीच्या अव्वल लीगमध्ये आठ संघ होते. सात हैदराबाद आणि सिकंदराबादचे, आठवा जालन्याच्या जिनिंगचा. शेवटचा येईल तो बाहेर. जालना शेवटून दुसरा होता आणि उद्या घरच्या मैदानावर हरला तर तोच तळाला जाणार होता. शेटजींनी साफ सांगितलं होतं, “लीग गेली की संघ बंद. राहिली, तर उद्या जे अकरा मैदानात उतरतील, त्यांना उन्हाळाभर कामावर ठेवीन. बाकीच्यांनी कापूस सरला की आपापल्या गावी जायचं.” गावी जाऊन करायचं काय, हे शेटजींनी सांगितलं नव्हतं.

मोसमाच्या सुरुवातीला गोलात कारभारी होता. हैदराबादेत एका सामन्यात सात गोल खाल्ल्यावर रामकिसननं त्याला बसवलं आणि रुईच्या गाठी झेलणाऱ्या कडूबाला उभं केलं. तेव्हापासून संघ कसाबसा तरंगत होता.

उषाबाई कुंडलिकेच्या घाटावर गेल्या. सोनूबाई गुडघाभर पाण्यात होती.

“बिब्बा माझ्या घरात हाय, न्हाई म्हणत न्हाई,” ती दगडावर धोतर आपटत म्हणाली. “कोणत्या परटाच्या घरात न्हाई? पर मी काडीनं टिपका देते, वरून चुना लावते, वाळू देते. आजवर कोणाला उतलं का? सगळ्या संघाला दोन टिपके आन् खाली आडवी रेघ. ही बघा.”

“ही पट्टी तू कधी पाहिलीस?”

“ही माझ्या हातची न्हाई. आन् डॉक्टरीणबाई, एक सांगते, माझी खूण आसलेलं कापड दुसऱ्या कोणी धुतलेलं मला खपत न्हाई. तसंच बिनखुणेचं माझ्या गाठोड्यात येत न्हाई. सासूनं घालून दिलेली रीत हाय.”

उषाबाईंनी तिथंच घाटावर पट्टी धुतली. मैदानातली काळी माती निघून गेली. डाग राहिले. त्यातल्या एका डागाचा तुकडा त्यांनी दवाखान्यात आणून स्पिरिटमध्ये भिजवला आणि वर चुन्याची निवळी टाकली. पाणी काळपट हिरवं झालं. बिब्बाच.

मग त्यांनी पट्टी टेबलावर लांब पसरली. डाग एका ओळीत होते. पहिला रुपयाएवढा, पुढचा जरा लहान, त्यापुढचा आणखी लहान, शेवटचा नुसता तपकिरी धुरकटपणा. त्यांनी पट्टी पुन्हा गुंडाळली. सगळे डाग बरोबर एकाखाली एक आले.

म्हणजे पट्टी उलगडलीच नव्हती. गुंडाळी खुंटीवर तशीच लटकत असताना कोणीतरी सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर तापवून वरून थेंब टाकले होते आणि तेल वेढ्यावेढ्यातून आत झिरपलं होतं. ज्याची पट्टी आहे तो ती उलगडून, हवी तिथं माखेल. हे काम त्या गुंडाळीला बोटही लावायचं नव्हतं अशा माणसाचं होतं.

तेल कडूबाच्या पट्टीवर टाकलं होतं, कडूबासाठी टाकलं होतं. मग भुजंगचा पाय का भाजला?

३

वखारीच्या दारावरचा पहारेकरी आत बघून म्हणाला, “बघा, बाई आल्या तरी उठून उभा राहत न्हाई. माज आलाय.”

कडूबा रुईच्या गाठीला टेकून बसला होता. गुडघ्यापासून खाली त्यानं सुतळीचं पोतं ओढून घेतलं होतं. दवाखान्यात तो नेहमी उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. बस म्हटलं तरी बसायचा नाही.

“पट्टी तुझी आहे?”

“व्हय.”

“भुजंगच्या पायात कशी गेली?”

कडूबानं पोतं आणखी वर ओढलं.

“अमीन यायला निघाले असतील. तू बोलला नाहीस तर मला काही करता येणार नाही.”

“तुमी सकाळी बोलल्या तेवढं बस झालं, बाई,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

“भुजंगची आई तुला पाण्याच्या रांजणाजवळून हाकलून लावत होती म्हणे. तू डूख धरलास, असं शेटजी म्हणतात.”

“गोजरबाई सगळ्यांनाच बोलतेत. भुजंगलाबी बोलतेत. तिच्यावर डूख धरायचा म्हणला तर तिचं सगळं घनसावंगी गाव रांगेत उभं राहील.” तो क्षणभर हसला आणि लगेच त्यानं ओठ आवळून घेतले, दुखल्यासारखे.

उषाबाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. दवाखान्यात बस म्हटलं तरी न बसणारा हा माणूस आज उठला नव्हता, आणि हसताना त्याला दुखलं होतं.

“कडूबा, उठून उभा राहा.”

तो उठला नाही. उषाबाई परत आल्या, खाली वाकल्या आणि त्यांनी पोतं बाजूला सारलं.

उजवा पाय उघडा होता. सुजलेला, फोडांनी भरलेला, हुबेहूब भुजंगसारखा. डाव्या पायाला पट्टी होती आणि त्या पायाला ओरखडाही नव्हता. पट्टीच्या टोकाला दोन ठिपके आणि खाली आडवी रेघ होती.

एकाचा डावा, दुसऱ्याचा उजवा. दोन माणसांची दुखणी मिळून एका माणसाची जोडी पुरी होत होती.

“तुम्ही पट्ट्या बदलता,” उषाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “डाव्या पायाची.”

कडूबानं पहिल्यांदा वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत भीती होती आणि ती स्वतःसाठी नव्हती.

“कोणाला सांगू नका, बाई,” तो म्हणाला. “त्याची माय त्याला घरात घ्यायची न्हाई.”

४

भुजंगला ताप चढला होता. त्याची आई गोजरबाई सामना बघायला म्हणून आली होती. ती दाराबाहेर चुलीवर पेज शिजवत होती. उषाबाईंनी दार लोटून घेतलं.

“मी कडूबाचा पाय पाहून आले.”

भुजंगनं डोळे मिटले.

“हैदराबादेत सात गोल खाल्ल्यावर दुसरी मॅच व्हती. पाऊस आल्ता, खोलीत अंधार, गडबडीत त्याची डावी माझ्या हाती आली. कळलं तवा मी पायाला गुंडाळली व्हती. त्या दिवशी मी दोन गोल केले आन् त्यानं एक आत जाऊ दिला न्हाई. मंग आमी म्हणलं, शकुन हाय. तवापासून दर वेळी बदलून राह्यलो. रामकिसनलाबी ठावं न्हाई.”

“परवा कडूबाच्या दोन्ही गुंडाळ्या बाहेरच्या खुंटीवर होत्या. ज्यानं तेल टाकलं त्याला वाटलं, दोन्ही पाय कडूबाचेच भाजतील. तुमचा शकुन त्याला माहीत नव्हता.”

“कोण त्यो?”

“ते मला माहीत आहे. पण कडूबाच्या पट्टीनं भुजंगचा पाय कसा भाजला, हे कोणी विचारलं तर माझ्याजवळ उत्तर नाही. उत्तर तुझ्याजवळ आहे.”

बाहेर गोजरबाई पळीनं पातेलं खरवडत होती.

“बाई,” भुजंग म्हणाला, “चुलत्यानं एकदा पंगतीत परजातीच्याचा पाण्याचा तांब्या घेतला व्हता. आजूनबी त्याच्या घरी कोणी सोयरीक घेऊन जात न्हाई. मी तर पायाला बांधली. अंगाला.”

“मी तुझं नाव घेणार नाही. वैद्याला सांगितलेलं वैद्याजवळ राहतं.”

“मंग कडूबाचं काय व्हईल?”

भुजंगनं तोंड भिंतीकडे फिरवलं. बाहेर टांग्याची घंटा वाजली.

५

अमीनसाहेबांना वजनकाट्यासमोर खुर्ची टाकली होती. कडूबाला दोघांनी धरून आणलं. तो उजवा पाय टेकवत नव्हता. खेळाडू कोंडाळं करून उभे होते. सोनूबाई गाठोडं घेऊन कडेला थांबली होती.

उषाबाईंनी पट्टी काट्याच्या परातीवर उलगडली आणि पुन्हा गुंडाळून दाखवली. डाग एकाखाली एक आले.

“तेल खुंटीवरच्या गुंडाळीवर टाकलं. पट्टीला हात न लावता. कडूबाला आपल्याच पट्टीला हात लावायला कसली अडचण? आणि त्याचा स्वतःचा पायही भाजलाय.”

“तेल लावताना उडालं असंल,” शेटजी म्हणाले.

“उडालेल्या तेलाचे वेगवेगळे शिंतोडे पडतात, शेटजी, आणि ते हातावर पडतात. सबंध पाऊल असं भाजत नाही. तापलेला बिब्बा मात्र तडतडतो. ज्यानं तो दिव्यावर धरला, त्याच्या मनगटावर दुसऱ्या दिवशी बारीक फोड आले आणि प्रत्येक फोडाच्या मध्ये काळा ठिपका राहिला. काजळी स्पिरिटनं निघते. बिब्ब्याचा डाग निघत नाही. कारभारी, कापूस काढ.”

कारभारीनं मनगट छातीशी धरलं.

“भजी तळली व्हती,” तो म्हणाला.

“तळणाचा चटका लगेच फुगतो. तुझे फोड तू सांगितल्याप्रमाणं दुसऱ्या दिवशी आले.”

कारभारीचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण डोकं चालत होतं. “समजा मी टाकलं. कडूबाच्या पट्टीवर टाकलं ना? मंग भुजंगचा पाय कामून भाजला? पट्टी काय उडून गेली? का कडूबानंच ती त्याच्या पायात घातली? सांगा की.”

अमीनसाहेबांनी उषाबाईंकडे बघितलं. “कहिए, डॉक्टर.”

उषाबाई उभ्या राहिल्या. सगळं गणित सुटलं होतं, फक्त एक पायरी त्यांना लिहायची नव्हती. कडूबा मान हलवत होता, नको म्हणून.

“उत्तर नाही?” अमीनसाहेब म्हणाले आणि उठले. “चल रे.”

“म्या बांधली.”

भुजंग खोलीच्या दारात उभा होता. काठीवर सगळा भार देऊन, डावा पाय अधांतरी. मागे गोजरबाई हातात पेजेची वाटी घेऊन उभी होती.

“म्या हौसेनं बांधली. हैदराबादच्या मॅचपासून माझी डावी त्याला आन् त्याची डावी मला. आमचा शकुन हाय तो. त्यानं घातली न्हाई, म्या मागून घेतली.”

गोजरबाईच्या हातातली वाटी पडली आणि पेज जमिनीवर सांडली. तिनं वाटी उचलली नाही.

कारभारीनं मनगटावरचा कापूस काढला.

“मला कसं कळणार?” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “त्याच्या पट्टीला दुसरं कोण हात लावणार व्हतं? म्या भुजंगला काय करील? भुजंग न्हाई तर मॅच कशी जिंकायची? मला नुसतं एक दिवस गोलात उभं राह्यचं व्हतं. अकरात यायचं व्हतं. भोकरदनला घरी सहा तोंडं हायती, शेटजी.”

शेटजींनी त्याच्याकडे बघितलं नाही. अमीनसाहेबांना टांगा रिकामा न्यायचा नव्हता; त्यांनी कडूबाऐवजी कारभारीला बसवलं.

६

दुसऱ्या दिवशी रामकिसनला गोलकीपर नव्हता. एक टांग्यातून गेला होता, दुसऱ्याला पाय टेकवत नव्हता.

“म्या उभा राहतो,” कडूबा म्हणाला. “गोलात पळायचं नसतं.”

“डॉक्टर म्हणून मी नको म्हणते,” उषाबाई म्हणाल्या.

“डॉक्टर म्हणून तुमी बांधून द्या, बाई.”

त्यांनी फोड साफ केले, लोण्याचा लेप दिला, वर कापूस ठेवला. उजव्या पायाला पट्टी हवी होती. भुजंगनं बाजेवरून आपली उजवी काढून दिली. तिच्यावरही दोन ठिपके आणि खाली आडवी रेघ होती. आता कडूबाच्या दोन्ही पायांना भुजंगच्याच पट्ट्या होत्या आणि संघातलं कोणी काही बोललं नाही.

सिकंदराबादच्या संघाला बूट होते. त्यांनी पहिल्यापासून कडूबाच्या उजव्या बाजूला चेंडू मारले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. जालन्याला पुढं कोणी उरलंच नव्हतं, म्हणून रामकिसननं सगळे मागे ओढून घेतले. उत्तरार्धात कडूबाची पट्टी लाल झाली. एकदा तो पडला आणि चेंडू पोटाखाली घेऊन तसाच पडून राहिला, तेव्हा उषाबाईंना वाटलं, संपलं. तो गुडघ्यावर उठला आणि चेंडू हातानं रामकिसनकडे फेकला.

सामना गोलाविना सुटला. जालना लीगमध्ये राहिला.

शेटजी शब्दाचे पक्के होते. जे अकरा मैदानात उतरले, त्यांना त्यांनी उन्हाळाभर ठेवलं. भुजंग उतरला नव्हता. रामकिसन भुजंगसाठी शेटजींकडे जाऊन आला, पण शेटजी बधले नाहीत.

गोजरबाई त्या आधीच घनसावंगीच्या गाडीत बसून निघून गेली होती. जाताना तिनं भुजंगची थाळी आणि तांब्या दाराबाहेर काढून ठेवले होते.

पाय टेकायला लागल्यावर भुजंगनं परतूरकडे जाणारी आगगाडी धरली. तिथल्या कापसाच्या बाजारात हमाली मिळेल, असं कोणी सांगितलं होतं. फलाटावर कडूबानं लंगडत येऊन पट्ट्यांची गुंडाळी पुढं केली.

“तुझ्या.”

“ऱ्हाऊ दे तुझ्याकडं,” भुजंग म्हणाला. “आलोच परत, तर डावी मागून घेईन.”

दुसऱ्या दिवशी उषाबाई सोडा आणायला घाटावरून चालल्या होत्या. घाटाच्या खालच्या अंगाला, जिथं वेशीबाहेरचे लोक पाणी भरत, तिथं कडूबा त्या पट्ट्या धूत होता. रक्ताचा डाग निघत नव्हता. वरच्या दगडावर सोनूबाईचं धुणं थांबलं. ती बराच वेळ त्याच्या हाताकडे बघत राहिली. मग कमरेवर हात ठेवून पाण्यातून खाली आली.

“त्या कोणाच्या?”

“भुजंगच्या. आता माझ्याकडं हायती.”

“खूण कोणाची हाय?”

कडूबानं टोक उलटून बघितलं. “तुमची.”

“मंग तू कामून धुतो?” सोनूबाई म्हणाली. “असा घासून निघत आस्तो का डाग? फाटंल ती. ठेव तिथं.”

कडूबानं पट्ट्या दगडावर ठेवल्या आणि दोन पावलं मागं सरला. सोनूबाईनं एकदा वर घाटाकडे बघितलं, पदर खोचला आणि पट्ट्या उचलून आपल्या गाठोड्यात टाकल्या.